दोराची परीक्षा

वाचकहो, दोर ही वस्तू आपणांस नवी नाही. ज्याच्या दारात गाय आहे त्याच्या घरी दावे आहे. मोटेचा नाडा ज्यांच्या हातांतून गेला, अशी वडीलधारी माणसे अजून गावोगाव आहेत. अंबाडीचा वाख सोडवून, त्याला पीळ देऊन चऱ्हाट वळणारे हात आता कमी झाले. तरीपण दोर चांगला कोणता नि वाईट कोणता, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. मग दोराविषयी हा मास्तर आम्हांला काय नवे सांगणार, असे आपण म्हणाल. मी सांगणार आहे ते एवढेच की, जनावर बांधायचा दोर, ओझे ओढायचा दोर आणि कड्यावर माणूस तोलायचा दोर हे तीन निरनिराळे दोर आहेत. आणि एकाची परीक्षा दुसऱ्याला लावली म्हणजे माणसाच्या जिवावर बेतते.

हे सांगण्याचे कारण घडले ते असे. आमच्या कॉलेजात आसपासच्या खेड्यांतून मुले येतात. मी त्यांना पदार्थविज्ञान शिकवतो. गेल्या दिवाळीनंतर दोन विद्यार्थी माझ्या खोलीशी आले. एकाच्या खांद्यावर गोणपाटाची पिशवी, तीत अंगठ्याएवढा जाड, निळा, चकचकीत दोर. त्यांच्या गावामागे एक सुळका आहे. यात्रेच्या दिवशी त्याच्या माथ्यावर झेंडा लावायचा, असा पोरांचा बेत. मला म्हणाले, "सर, दोर बघता का? दुकानदार म्हणाला, ह्यानं रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढतात. आम्ही दोघं मिळून सव्वाशे किलोसुद्धा भरत नाही."

हिशोब तर बिनतोड वाटतो, नाही का? जो दोर ट्रॅक्टर ओढतो, तो एका पोराला का तोलणार नाही? मी त्यांना म्हटले, "अरे, बसा. आधी एक साधा दोरा तोडून बघू, मग ह्या दोराकडे वळू."

तो प्रयोग मी येथे सांगतो. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून दाखवावा. त्याला काहीही खर्च नाही. शिवणकामाचा एकपदरी दोरा हातभर घ्या. त्याचे एक टोक खुंटीला बांधा, दुसऱ्या टोकाला दोनशे ग्रॅमचे वजन बांधा आणि ते हळूच सोडा. खाली पोते अंथरा व मुलांना दूर उभे करा. वजन लोंबकळत राहील, दोरा तुटणार नाही. आता ते वजन वीतभर उचला आणि हातातून सोडून द्या. बहुधा दोरा तटकन तुटेल; न तुटला तर उंची थोडी थोडी वाढवत न्या, म्हणजे तुटेल. कोणत्या उंचीवर तुटला हे ध्यानात ठेवा. मग तसाच नवा दोरा घ्या. पण ह्या वेळी खुंटी आणि दोरा यांच्यामध्ये नोटांच्या गड्ड्यांना लावतात त्या रबरांची, चार-पाच एकात एक गुंतवून, साखळी घाला. पुन्हा तेवढ्याच उंचीवरून वजन सोडा. रबर ताणेल, वजन खालीवर झोके घेईल, आणि दोरा शाबूत राहील.

वजन तेच, उंची तीच, दोराही तोच. मग वाचवले कुणी? वाचवले ताणण्याने.

ह्यातले तत्त्व शेतकऱ्याला ठाऊक आहे, फक्त त्याला नाव नाही. बैल संथपणे ओढतो तेव्हा नाडा तुटत नाही. बुजलेला खोंड हिसका देतो तेव्हा नवे दावेदेखील तुटते. ओढ आणि हिसका ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुतलेल्या ट्रॅक्टरला ओढ बसते. कड्यावरून निसटलेल्या माणसाला हिसका बसतो.

हा हिसका किती असतो, ह्याचा हिशोब सोपा आहे. समजा, ८० किलो वजनाचा माणूस २ मीटर खाली पडला आणि मग दोराने त्याला धरले. पडताना त्याने जो वेग घेतला तो सारा, दोर जेवढा ताणेल तेवढ्या अंतरात जिरवावा लागतो. दोर ताठ असला आणि दहाच सेंटिमीटर ताणला, तर २ मीटरांत १० सेंटिमीटर मिळवून त्याला १० सेंटिमीटरांनी भागा; उत्तर येते २१. म्हणजे माणसाच्या वजनाच्या २१ पट, १,६८० किलोंचा ताण. दोर अर्धा मीटर ताणला, तर हेच उत्तर ५ येते. ताण होतो ४०० किलो. आणि हा झाला सरासरी ताण. एका क्षणाचा कमाल ताण ह्याहूनही बराच अधिक असतो. आता कुणी म्हणेल, माझा दोर दोन हजार किलो पेलतो. ठीक आहे, दोर तुटणार नाही. पण तोच ताण त्या माणसाच्या कमरेवर आणि वरच्या खिळ्यावर पडतो, त्याचे काय? दोर शाबूत राहून माणूस मोडला, तर तो दोर काय कामाचा?

म्हणून गिर्यारोहणाच्या दोराची परीक्षा निराळी ठरवलेली आहे. निरनिराळ्या देशांतील गिर्यारोहण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९३२ साली स्थापन झाला, आणि १९६० पासून त्याने दोरांसाठी प्रमाण घालून दिले. चढाईच्या एकेरी दोराला ८० किलोंचे वजन बांधून ते पुन्हा पुन्हा जोराने खाली पाडतात. दोराने अशी निदान ५ पतने सोसली पाहिजेत. आणि पहिल्या पतनात बसणारा हिसका १२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १,२०० किलो वजनाच्या ओढीपेक्षा अधिक होता कामा नये. किती ओढल्यावर तुटतो, हा तेथे मुख्य प्रश्नच नाही. किती मऊपणे धरतो, हा प्रश्न आहे.

ही अक्कल माणसाला फुकट आलेली नाही. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न ह्या शिखरावर पहिल्यांदा माणसे पोहोचली. एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज आणि त्याचे सहा सोबती, असे सात जण होते. उतरताना सगळे एका ओळीत दोराने बांधलेले होते. त्यांतील हॅडो नावाचा अननुभवी तरुण घसरला, पुढच्या वाटाड्यावर आदळला, आणि पाठोपाठ दोघे ओढले गेले. वरच्या तिघांनी खडकाला घट्ट धरले. परंतु मधला दोर तुटला, आणि चौघे कड्यावरून खाली गेले. थोरल्या टाउगवाल्डर नावाच्या वाटाड्याने तो दोर कापला, अशी कुजबुज पुढे झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला. दोर तुटलाच होता. आणि जवळ असलेल्या दोरांपैकी तोच सर्वांत कमकुवत होता. चांगला दोर सोबत असून वाईट दोर बांधला गेला! तो तुटका तुकडा स्वित्झर्लंडमधील झेरमाट गावच्या संग्रहालयात आजही ठेवलेला आहे.

त्या काळचे दोर तागासारख्या वनस्पतींच्या धाग्यांचे असत. ते फारसे ताणत नसत. १९३५ साली अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला, दुसऱ्या महायुद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या, आणि युद्धानंतर नायलॉनचे दोर गिर्यारोहकांच्या हाती आले. १९५३ साली जर्मनीत आणखी एक सुधारणा झाली. आत लांबच लांब धाग्यांचा गाभा आणि त्यावर विणलेली म्यान, असा दोर तयार झाला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. ह्या नव्या दोराला बाहेरून पीळच दिसत नाही. भार गाभा वाहतो, म्यान त्याला खडकाच्या घासण्यापासून राखते.

आता त्या निळ्या दोराकडे वळू. बाजारात ताडपत्री बांधायला मिळतो तो हिरवा-निळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्याचा तुकडा पाण्यात टाका, तो तरंगतो. नायलॉन बुडते. परंतु बुडाला म्हणजे दोर चांगला, असा उलटा अर्थ मात्र काढू नये. बुडणारे वाईट दोरही पुष्कळ आहेत. पॉलिप्रॉपिलीनची गाठ सरकते, उन्हाने तो ठिसूळ होतो, आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसला तो वितळतो. घासण्याने किती उष्णता होते, हे ज्याच्या तळहातातून भरधाव दोर गेला आहे त्याला विचारावे. कडबा बांधायला, ताडपत्री ताणायला हा दोर उत्तम आहे. दोष दोराचा नाही, त्याला भलत्या कामाला लावणाऱ्याचा आहे.

दुसरा सल्ला असा कानी येतो की, "उतरायला वापरतात तो पांढरा दोर घ्या, तो अगदी ताणत नाही, म्हणून पक्का." हा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त धोक्याचा आहे. कमी ताणणारे दोर बनवतात, ते दोराला धरून खाली उतरण्यासाठी, गुहांत जाण्यासाठी, माणसाची सुटका करण्यासाठी. तेथे माणूस सतत दोरावर लोंबकळत असतो. पडून हिसका बसण्याचा प्रसंग येऊ द्यायचा नसतो. पण जो खालून वर चढतो आहे आणि ज्याचा दोर त्याच्या पायाखाली आहे, त्याने तो दोर बांधू नये.

तिसरा गैरसमज: "दोन हात पडलो तर काय होते?" येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हिसका नुसत्या उंचीवर अवलंबून नसतो. पतनाची उंची आणि ते पतन झेलणाऱ्या दोराची लांबी यांच्या प्रमाणावर असतो. २० मीटर दोर सुटलेला असताना २ मीटर पडणे हे सौम्य पतन. कारण ताणायला २० मीटर दोर आहे. पण खिळ्याला १ मीटरच्या पट्टीने स्वतःला बांधून, त्या खिळ्याच्या वर १ मीटर चढून पडलात, तर पतन तेच २ मीटरांचे. मात्र ते सोसायला १ मीटरच पट्टी. हे अतिशय कठोर पतन. त्यातून आजकाल डायनिमा नावाच्या धाग्याच्या बारीक पट्ट्या मिळतात. वजनाच्या मानाने त्या पोलादाहूनही मजबूत, असे विक्रेता सांगतो, आणि ते खोटे नाही. पण तो धागा जवळजवळ ताणत नाही, सुमारे १४५ अंशांनाच वितळतो, आणि त्याला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. मजबूत आहे हे खरे. हिसका सोसतो हे खरे नाही.

चौथा सल्ला लोखंडाविषयी. गिर्यारोहक झडपेची एक कडी वापरतात, तिला कॅरॅबिनर म्हणतात. "कडी एकदा हातातून खडकावर पडली की आत न दिसणारे तडे जातात, फेकून द्या," असे पुष्कळजण सांगतात. पडलेल्या कड्या ओढून पाहिल्या गेल्या आहेत. ज्यांना खोल खाच नाही, वाक नाही, ज्यांची झडप नीट मिटते, त्या अशा अदृश्य तड्यांनी तुटताना दिसत नाहीत. फार उंचावरून पडलेली कडी बाद करावी, हे योग्यच. पण लोक ह्या न दिसणाऱ्या तड्यांची चिंता करतात आणि दिसणारा धोका विसरतात. तो धोका उघड्या झडपेचा. सामान्य कडी लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन ताण सोसते. तीच झडप उघडी राहिली किंवा कडी आडवी ओढली गेली, तर प्रमाणाप्रमाणे फक्त ७ सोसली तरी ती पास ठरते. म्हणजे झडपेत सदऱ्याचे टोक अडकले तरी ताकद एक तृतीयांशावर येऊ शकते. हे आकडे कडीवरच कोरलेले असतात. वाचायचे मात्र कुणी मनावर घेत नाही.

पाचवा सल्ला: "जुना आहे, पण पेटीतच होता. नव्यासारखा दिसतो." नायलॉन वापराविनाही म्हातारे होते, न वापरलेला दोरही सुमारे दहा वर्षांनंतर बाद करावा, असे उत्पादक सांगतात. वापरलेला तर त्याआधीच. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे बॅटरीचे ॲसिड. जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या डब्यात बॅटरीशेजारी ठेवलेल्या दोराला आम्लाचा थेंब, नव्हे वाफ लागली, तरी तो आतून कुजतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. आणि कधी कधी दिसत असूनही आपण पाहत नाही. टॉड स्किनर हा अमेरिकेतील नामांकित प्रस्तरारोहक. २३ ऑक्टोबर २००६ रोजी योसेमिटीच्या दरीत उतरताना त्याच्या कमरपट्ट्याची पुढची कापडी कडी तुटली आणि तो गेला. ती कडी झिजलेली होती, आणि झीज आधीच लक्षात आलेली होती. ज्याने आयुष्य कड्यांवर काढले त्याची ही गत. मग आपण कोण?

आपल्या सह्याद्रीपुरत्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, जुने खिळे. अनेक सुळक्यांवर आधीच्या चढाईवाल्यांनी ठोकलेले खिळे व बोल्ट आहेत. "तो खिळा कितीतरी वर्षं आहे, त्याला बांधा," असे सांगतात. अहो, इतकी वर्षे आहे हाच तर त्याचा दोष! दर साल चार महिने पाऊस त्याच्यावरून वाहतो. बाहेर डोके दिसते; आत गंज किती आहे हे कळायला मार्ग नाही. एका खिळ्यावर जीव टांगू नये, हा नियम त्यासाठीच आहे. दुसरी गोष्ट, डोके. आपला खडक काळा बसाल्ट. थरांचा, जागोजाग सुटलेला. वर माकडांचा कळप नुसता पळाला तरी धोंडे खाली येतात. "हेल्मेट नवशिक्यांनी घालावे" असे म्हणणाऱ्याला विचारावे की, धोंडा माणसाचा अनुभव विचारून पडतो काय? आणि मोटारसायकलचे हेल्मेट येथे चालत नाही. त्यात मान वर करून नीट दिसत नाही, हाक ऐकू येत नाही.

आता मुख्य प्रश्न. इतके सल्ले चुकीचे आहेत, तर ते टिकतात कसे? माझाच अनुभव सांगतो. मी विशीत असताना आम्ही चार मित्र एका किल्ल्याच्या कड्यावरून असल्याच बाजारू दोराने खाली उतरलो. काही झाले नाही. पुढे कितीतरी वर्षे मी सर्वांना छातीठोकपणे सांगत असे, "काही होत नाही, आम्ही उतरलोय." काही झाले नाही, हेच वाईट झाले. कारण दैवाने दिलेली सूट मी ज्ञान समजलो. चुकीचा दोर रोज तुटत नाही. ज्या दिवशी पाय निसटतो त्याच दिवशी तुटतो. तोवर शंभर जण उतरून येतात आणि शंभर जण सल्ला देतात. ज्याचा दोर तुटला, तो सल्ला द्यायला येत नाही.

तानाजी मालुसऱ्यांची घोरपडीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. १६७० साली मावळे रात्री सिंहगडाचा कडा चढले, हा इतिहास आहे. घोरपडीला दोर बांधून चढले, ही गोष्ट अनेक अभ्यासक कल्पित मानतात. गोष्ट म्हणून ती खुशाल सांगावी. पण आपली मुले कड्याशी उभी राहतात तेव्हा त्यांच्या हाती गोष्ट देऊन भागत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळेच्या सहलीत आता "दोरावरून उतरण्याचा कार्यक्रम" असतो, आणि तो करवणारे बाहेरून येतात. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. असे उपक्रम करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची आहे. ती पाहायला मागा. मग चार प्रश्न विचारा. हा दोर कोणत्या कामाचा, आणि किती सालचा? वरचे टोक किती ठिकाणी बांधले आहे? दुसरा, रक्षणाचा दोर आहे का? प्रत्येक मुलाला हेल्मेट आहे का? जो जाणता आहे, तो ह्या प्रश्नांनी रागावत नाही; उलट आनंदाने दाखवतो. जो हसून "काही होत नाही, गुरुजी" म्हणतो, त्याच्या हाती मूल देऊ नये. मुले आपल्या भरवशावर आलेली असतात.

आता त्या दोन पोरांचे काय झाले, हे सांगून पुरे करतो. दोरा तुटताना पाहून ते गप्प झाले. मग एकजण हळूच म्हणाला, "सर, पण गावात सांगून बसलोय." मी म्हटले, "मग गावात हा प्रयोग करून दाखवा." त्यांनी तो दाखवला, देवळाच्या ओट्यावर, वजन आणि नोटांची रबरे घेऊन. यात्रेचा झेंडा यंदा नेहमीच्या काठीवरच लागला. दोघे आता एका गिर्यारोहण मंडळाबरोबर शिकायला जातात, आणि पुढल्या साली बघू म्हणतात. तो निळा दोर दुकानदाराने परत घेतला नाही. तो त्यांच्या गोठ्यामागे कडब्याच्या गंजीवर आवळून बांधलेला आहे, आणि तेथे तो आपले काम उत्तम करतो आहे.